पखालीला औषध

आधी वाटलं, सिग्नलला शेजारी उभ्या ट्रकचा असेल.
ट्रक गेला, आवाज राहिला.
टक्, टक्, टक्,
आत कोंडलेल्या कुणीतरी
धीर न सोडता कडी वाजवावी तसा.

एजन्सीतल्या माणसाने बॉनेट न उघडताच मान हलवली.
"रॉड बेअरिंग. इंजिन उतरवावं लागेल."
साडेतीनशे रियाल.
अख्खी गाडीच मी चारशेला घेतली होती,
कायमचा गावी निघालेल्या एका मल्याळी कॅशियरकडून.
मागच्या काचेवर त्याच्या मुलीने चिकटवलेलं
अर्धं फुलपाखरू अजून आहे.

रूममेट म्हणाला, जाड तेल ओत.
आठवडाभर आवाज झोपतो.
तेवढ्यात विकून मोकळा हो.
गिऱ्हाईक तयारच होतं:
तन्मय गुरसाळे, कवठेमहांकाळचा,
नोकरीचा चौथा महिना,
मला दादा म्हणतो.

ओतलं. काकवीसारखं सावकाश उतरलं ते.
दोन दिवस गाडी गप्प.
तिसऱ्या दिवशी, बंदराहून परतताना,
राउंडअबाउटवर,
टक्.

म्हणून शुक्रवारी, जुम्म्यानंतर,
सोहारच्या सनायात शम्सू परकारच्या शेडमध्ये.
ऑगस्ट. पान्हा हातात धरवत नाही, कापडात गुंडाळावा लागतो.
शम्सू बाणकोटचा. बावीस वर्षं झाली इथे,
बोलणं अजून खाडीकाठचं.
मी सगळं सांगायला लागलो, एजन्सी, रॉड, साडेतीनशे,
तर म्हणाला, "तू गप रहा जरा.
तिला बोलू दे."

कॉइलची एक क्लिप काढली.
गाडी लंगडली, आवाज तोच.
ती लावून दुसरी काढली. तोच.
तिसरी, चौथी.
तोच, निर्ढावलेला.
"रॉड असता तर एका जागी तरी सूर बदलला असता."
मग ब्रेकवर पाय, गिअर डीमध्ये:
आवाज दबला.
पार्कमध्ये: पुन्हा सुरू.
शम्सू नुसतं "हं" म्हणाला.
त्या "हं"साठी मी उन्हात तास दीड तास उभा होतो.

हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर.
टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले.
वर ऐकलं, बाजूला ऐकलं, खाली तेलाच्या तबकडीला ऐकलं,
सरकत सरकत मागे गेला,
इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे हात मिळवतात तिथे,
आणि डोळे उघडले.

पुठ्ठा अंथरून खाली शिरला.
एक छोटं पत्र्याचं झाकण.
आतली चकती हाताने फिरवत गेला.
चार बोल्ट. दोन घट्ट.
दोन चिमटीत फिरले,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखे.

बाहेर येऊन, हात पुसत, सवयीने त्याने डिपस्टिक ओढली.
थेंब पडेना.
"हे कुणी घातलं?"
मी समोरच्या टायरवाल्याच्या दुकानाकडे बघितलं.
"विकायची होती?"
समोर खूप टायर होते.
"कुणाला?"
नाव सांगितलं. गावही सांगितलं, का कोण जाणे.
शम्सू हसला, पण थोडंसंच:
"रोग रेड्याला नि औषध पखालीला."

बोल्ट, निळ्या गोंदाचे दोन थेंब, पान्ह्याची कटकट,
जाडं तेल डब्यात, नेहमीचं तेल इंजिनात.
तेलासकट सात रियाल.
करकचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

परतताना इतकी शांतता होती
की बाकीचं सगळं ऐकू आलं:
एसीच्या झडपेची कुरकुर,
सीटखाली गडगडणारी पाण्याची बाटली,
माझं मलाच दोनदा खाकरणं.

तेवढ्यात फोन. "दादा, गाडीचं काय ठरलं?"

कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.
बॉनेट उघडून फोन आत धरला, वाकून,
गरम हवा तोंडावर घेत.
"आधी हे ऐक," म्हटलं.
"मग सांगतो, काल काय वाजत होतं."